पंधरा मिनिटं पुढे : कार्तिकी एकादशी ते सन्दकपूर

"यंदा कार्तिकीला पंढरपूर नको, गुडघे साथ देत नाहीत," असं आई म्हणाली तेव्हा मी भाबडेपणाने विचारलं, "मग कुठे?" तिने माझ्या टेबलावरच्या नकाशाकडे बोट केलं. मी महिनाभर तो नकाशा घेऊन बसले होते. म्हणजे बाईसाहेबांनी ऐकून ऐकून आधीच ठरवलेलं होतं.

बंगाल-नेपाळ सरहद्दीवरच्या संदकफूच्या डोंगरावर आपली मराठी मंडळी पुष्कळ जातात. बहुतेक जण दार्जिलिंगकडून, मानेभंज्यांगहून चढतात. मला पलीकडून जायचं होतं. नेपाळी लोक त्या डोंगराला सन्दकपूर म्हणतात आणि त्याच्या पश्चिमेकडच्या उतारावर त्याच नावाची गाउँपालिका आहे, जिल्हा इलाम. गाउँपालिका म्हणजे थेट आपली ग्रामपंचायत नव्हे. नेपाळच्या 2015 च्या संविधानानंतर, 2017 मध्ये, जुन्या गावसमित्या एकमेकींत मिसळून देशभर 753 स्थानिक सरकारं झाली. त्यातल्या 460 गाउँपालिका. आपल्या मानाने ग्रामपंचायतीहून मोठी, तालुक्याहून लहान. सन्दकपूरची पूर्वेची हद्द म्हणजेच भारताची सरहद्द.

दिवस पहिला, दशमी : पूल

पुणे ते बागडोगरा विमान, पुढे पानीटंकीपर्यंत टॅक्सी. तिथे मेची नदीवरचा लांबलचक पूल. कार्तिकात नदी कसली, नुसती वाळू आणि मधून दोन-तीन चिंचोळे प्रवाह. ई-रिक्षाने पूल ओलांडला. पलीकडे काँकडभिट्टा. शिपायाने मतदार ओळखपत्रं पाहिली, आईकडे पाहिलं, "आमा, कहाँ?" एवढंच विचारलं. आई म्हणाली, "देवाला." त्याने हात जोडले आणि आम्ही परदेशात आलो.

पुलाच्या मध्यावर केव्हातरी माझ्या फोनचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे सरकलं होतं. नेपाळने 1986 पासून आपली प्रमाणवेळ गौरीशंकर शिखराच्या रेखांशावर बसवली आहे, म्हणून हा पाव तासाचा फरक. आईच्या मनगटावर बाबांचं जुनं घड्याळ असतं. तिने तिथेच थांबून, चष्मा चढवून, किल्ली ओढून काटा बरोबर पंधरा मिनिटं पुढे केला. "ज्या गावाला जायचं त्या गावाची वेळ."

(जाणाऱ्यांसाठी : पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या, नुसत्या आधार कार्डावर विसंबू नका. भारतीय शंभराच्या नोटा भरपूर ठेवा. 1993 पासून शंभर भारतीय रुपयांना 160 नेपाळी असा बांधलेला दर आहे. कुठेही भाव विचारला की आधी "आयसी का एनसी?" हे विचारून घ्या. आयसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. मी पहिल्याच टपरीवर हे विचारलं नाही आणि चहाला दीडपटीहून जास्त मोजले.)

चारआलीला महामार्ग सोडला की रस्ता उत्तरेला डोंगर चढू लागतो आणि कन्यामच्या आसपास अचानक सगळं हिरवं होतं. चहाचे मळे. इलामचा पहिला मळा 1863 मधला, तिथले तेव्हाचे बडे हाकिम, म्हणजे मुख्य सरकारी कारभारी, गजराजसिंह थापा यांनी लावलेला. तो आजही इलाम बाजाराला अगदी खेटून आहे. बाजारातून गल्लीत वळलं की समोर चहाची झुडपं. संध्याकाळी आई त्यांच्या कडेकडेने फिरत होती आणि मी दुकानांच्या पाट्या वाचत होते. नेपाळात मराठी माणसाची ही एक चैन आहे : लिपी आपलीच. पसल म्हणजे दुकान, बिक्रीमा म्हणजे विक्रीला. अर्थ नाही लागला तरी वाचता येतं, त्यामुळे आपण निरक्षर नाही एवढा दिलासा राहतो.

दिवस दुसरा, एकादशी : माईपोखरी

आदल्या रात्री ठरवलेली जीप सकाळी आलीच नाही. जीपवाल्याचा फोन लागत होता, "आयो, आयो" म्हणत होता, पण यायचा पत्ता नाही. शेवटी भरल्याशिवाय न हलणाऱ्या सामायिक जीपमध्ये बसलो. पुढच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर कुणाचं तरी पोर आणि पायाशी उसाची मोळी. ऊस पाहून आई एकदम जागी झाली. "अगं, तुळशीचं लग्न!"

खरंच होतं. मी नकाशा पाहिला होता, पंचांग नाही. आपली कार्तिकी ती नेपाळची हरिबोधिनी, लोक तिला ठूलो एकादशी म्हणतात. चार महिने झोपलेला विष्णू उठतो, दारोदार तुळशीची पूजा होते, आणि माईपोखरीला जत्रा भरते. आम्ही नेमक्या त्याच दिवशी त्याच रस्त्यावर होतो. मी याचं श्रेय घ्यायचा प्रयत्न केला, आईने दिलं नाही.

माईपोखरी हे साधारण 2100 मीटर उंचीवरचं तळं, कडेने गर्द झाडी. तळ्याला नऊ कोन आहेत म्हणतात. आम्ही प्रदक्षिणेत मोजले, माझे सात झाले, आईचे नऊ. 2008 मध्ये हे रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. इथे हिमालयी सॅलमँडर, पालीसारखा दिसणारा उभयचर, असतो, पण तो पावसाळ्यात अंडी घालायला पाण्यात येतो, त्यामुळे नोव्हेंबरात भेट नाही. भेटली ती माणसं. राई, लिंबू, तमांग, बाहुन, छेत्री अशा नाना जातीजमातींची, डोक्याला नाम्लो म्हणजे पट्टा लावून पाठीवर डोको म्हणजे टोपली घेतलेल्या बायका, नव्या बुटांनी पाय चावलेली मुलं.

काठाशी एक म्हातारी पोत्यावर बसून उकडलेले कंद विकत होती. आई तिच्यासमोर उकिडवी बसली (गुडघे दुखतात ना!) आणि सरळ मराठीत म्हणाली, "बाई, आज मला एकादशी आहे." म्हातारीला बाकी काही कळलं नसेल, एकादशी हा शब्द कळला. तिने एका पानावर दोन रताळी ठेवली, वर एक पिंडालू, म्हणजे आपल्या अळकुडीचा भाऊ, आणि चिमूटभर मीठ. इकडेही एकादशीला रताळंच! गरम रताळ्याची साल आई फुंकर मारून सोलत होती, तर म्हातारीने ते तिच्या हातातून काढून घेतलं, मधोमध मोडलं आणि वाफ जाऊ दिली. मग परत दिलं. आईने पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून तिला दिला. तिने दाताखाली धरून पाहिला, दाणा ओळखला, "लट्टे!" म्हणाली. राजगिऱ्याला तिकडे लट्टे म्हणतात. पुण्यात कॉफीवाले त्या नावाने काय काय विकतात हे तिला सांगावंसं वाटलं, पण तेवढं नेपाळी येत नव्हतं.

पैसे तिने घेतले नाहीत. आईने दुसरा लाडू ठेवला.

दुपारनंतर दुसरी जीप करून माईमझुवाला पोचलो. इथे सगळं माईच्या नावाने आहे : माईखोला ही नदी, जोगमाई, पुवामाई, देउमाई या तिच्या बहिणी. आपल्याकडे नद्यांना आई म्हणतात, इथे थेट नावातच घातलंय.

दिवस तिसरा, द्वादशी : पारणं आणि वडा

घरगुती मुक्काम होता. लाकडी माडीचं घर, खाली वेलचीची पोती, वर आम्ही. मोठी वेलची हे इथलं नगदी पीक. इलामची ओळखच "अ" ने होते असं लोक सांगतात : अलैंची, अदुवा म्हणजे आलं, अम्रिसो म्हणजे केरसुणीचं गवत, आलु, अकबरे खुर्सानी, आणि ओलन म्हणजे दूधदुभतं. यादी कुणी पाचाची सांगतं, कुणी सहाची, कुणी त्यात पाहुण्यांचा "अतिथि" पण बसवतं. भट्टीत धुरावर वाळवलेल्या वेलचीचा वास घरभर होता. दोन दिवसांनी माझ्या स्वेटरलाही लागला आणि अजून आहे.

आईचं पारणं ढिंडोवर झालं. ढिंडो म्हणजे उकळत्या पाण्यात पीठ घालून पळीने घोटलेला घट्ट गोळा. घरची सून, तिला आम्ही दिदी म्हणायचो, चुलीपाशी कढई पायाने दाबून दोन्ही हातांनी घोटत होती. पीठ कसलं, तर "कोदो". आई म्हणाली, "कोदो म्हणजे आपला कोद्रा, हरीक." पण पीठ हातात घेतल्यावर चेहरा बदलला. लालसर, ओळखीचं. नाचणी! इकडची कोदो म्हणजे आपली नाचणी. ढिंडोबरोबर गुंद्रुकचं पातळ कालवण. पाला आंबवून, वाळवून ठेवतात ते गुंद्रुक. चव आंबट, जरा मातकट, थंडीत फार बरी.

पहिला घास घेतल्यावर दिदीने विचारलं, "मीठो छ?"

आई म्हणाली, "हो, मीठ बरोबर आहे."

दिदीने मान हलवली आणि दोघी समाधानाने गप्प बसल्या. मीठो म्हणजे चविष्ट, आणि मीठ त्यांच्याकडे नुन, हे मला संध्याकाळी उलगडलं. तोवर आईने प्रत्येक जेवणात "मीठ बरोबर" असा अभिप्राय देऊन घरात सुगरणीची पारख असलेली बाई म्हणून मान मिळवला होता.

दुपारी गावातून फिरताना पाटी दिसली : "वडा कार्यालय". मी हसत सुटले. आईने मला गप्प केलं, पण पुढे भिंतीवर मोठ्या अक्षरात "नागरिक वडापत्र" असं लिहिलं होतं, तेव्हा तीही हसली. वडा म्हणजे वॉर्ड. वडापत्र म्हणजे नागरिकांची सनद : कुठल्या कामाला काय कागद, लाग्ने समय म्हणजे किती वेळ, लाग्ने दस्तुर म्हणजे किती शुल्क, आणि जिम्मेवार कोण. जन्म दर्ता, विवाह दर्ता (दर्ता म्हणजे नोंदणी), नाता प्रमाणित म्हणजे नात्याचा दाखला. आपल्या तलाठी कार्यालयाबाहेर हे असं भिंतीवर वाचता येईल इतक्या स्वच्छ अक्षरात पाहिल्याचं मला आठवत नाही. ते पाळलं जातं का, हे एका दुपारीत कसं कळणार.

आतला कर्मचारी तरुण होता, हिंदी चांगलं. उन्हात खुर्च्या टाकून तासभर बसलो. त्याने सांगितलं ते आईनेही लक्ष देऊन ऐकलं. प्रत्येक वडात एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात दोन बायका असल्याच पाहिजेत, आणि त्यातली एक दलित. गाउँपालिकेचा अध्यक्ष आणि उपाध्यक्ष या दोन्ही जागांना एकाच पक्षाने उमेदवार दिले तर एक बाई हवीच. शेताचा बांध, पाटाचं पाणी, म्हाताऱ्या आईबापाला न सांभाळणारी मुलं, अशी भांडणं न्यायिक समितीपुढे येतात आणि तिची प्रमुख असते उपाध्यक्ष. म्हणजे बहुतेक ठिकाणी गावची न्यायाधीश बाईच.

"पण अध्यक्ष?" आईने विचारलं.

तो हसला. "बहुतेक दाजू." म्हणजे दादा. आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तिथली अध्यक्ष होते.

2017 च्या निवडणुकीआधी तब्बल वीस वर्षं स्थानिक निवडणूकच झाली नव्हती, हेही त्याच्याकडूनच कळलं. आणि दारातल्या दारात सरहद्द असल्याने त्याच्या टेबलावर येणारे कागद वेगळेच. दार्जिलिंगकडची मुलगी लग्न होऊन इकडे आली की तिला अंगीकृत नागरिकता, म्हणजे परक्या देशातून आलेल्यांना मिळणारं नागरिकत्व, घ्यावी लागते, त्यासाठी वडाची सिफारिस लागते. आपल्याकडे शिफारस म्हटलं की वशिला आठवतो, इथे तो शिक्क्याचा रीतसर कागद आहे. आमची दिदी अशीच पलीकडून आलेली. रात्री मी तिला विचारलं, माहेर किती लांब? तिने हाताने डोंगर चढून उतरल्यासारखी खूण केली. "उकालो, ओरालो." चढ आणि उतार, बस.

(शनिवारी नेपाळात साप्ताहिक सुटी असते, सरकारी काही पाहायचं असेल तर तो दिवस टाळा. रोख पैसे इलाम बाजारातच काढून घ्या.)

रात्री दिदीच्या सासऱ्यांनी तोंगबा आणला. लाकडी उंच भांड्यात आंबवलेले दाणे, वर गरम पाणी ओतायचं, नळीने ओढायचं, पाणी संपलं की पुन्हा ओतायचं. दाणे कसले? पुन्हा नाचणी. आईने वास घेतला, म्हणाली, "ही तर आंबील." मी सांगितलं, आंबील नाही, चढते. ती म्हणाली, "मग तू घे." मी घेतली. तिसऱ्या पाण्यानंतर सासऱ्यांचं लिंबू भाषेतलं गाणं मला पूर्ण समजत होतं.

दिवस चौथा : वर

माईमझुवाहून वर जाणारा रस्ता म्हणजे दगडांची रांग. जीपवाला भाइ पंचविशीचा, दर वळणाला आईकडे पाहून "बिस्तारै, आमा" म्हणायचा, जणू गाडी आईच चालवते आहे. शेती संपली, मग जंगल, मग मालिंगोची बेटं. मालिंगो हा बारीक बांबू, आणि तो आहे म्हणून इथे हाब्रे आहे, म्हणजे लाल पांडा. भाइने गाडी थांबवून शेवाळलेल्या फांदीवरची विष्ठा दाखवली. हाब्रे दिसला नाही. आईने फोटो मात्र त्या विष्ठेचाच काढायला लावला, "पुरावा" म्हणून.

वर पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि काहीही दिसत नव्हतं. पांढरं धुकं, त्यात हॉटेलांचे पत्रे. 3636 मीटर. आईला डोकं जड वाटत होतं, म्हणून तिला लसणाचं सूप देऊन झोपवलं आणि उशाशी पाण्याची बाटली ठेवली. खाली दोन रात्री काढल्या होत्या म्हणून एवढ्यावरच निभावलं. विमानतळावरून थेट जीपने वर येणारे पुष्कळ असतात, त्यांची दशा त्या संध्याकाळी जेवणाच्या खोलीत पाहिली. वयस्कर माणूस बरोबर असेल तर हे घाईने करू नका.

माथ्यावर सरहद्द म्हणजे एक दगडी खांब. या बाजूची लॉज नेपाळात, त्या बाजूची बंगालात, आणि कुत्री दोन्हीकडे. आमच्या लॉजमधल्या पोऱ्याला भारतात पाठवून मेणबत्ती आणवली, वीज गेली होती.

दिवस पाचवा : कुणाचे पाच?

भाइशी ठरलं होतं, "भोलि बिहान पाँच बजे," उद्या पहाटे पाचला. मी पावणेपाचचा गजर लावला. उठले, आईला मफलर-मोजे चढवले, बाहेर आलो तर भाइ हात चोळत उभा, पाय आपटत, जरा रागावलेला. त्याच्या घड्याळात सव्वापाच होऊन गेले होते. रात्रीतून माझ्या फोनने पलीकडचा टॉवर पकडला होता आणि तो गुपचूप भारतीय वेळेवर गेला होता. आई काही बोलली नाही. फक्त बाही वर करून बाबांचं घड्याळ माझ्या डोळ्यांपुढे धरलं.

बादलीतल्या पाण्यावर बर्फाची पापडी. आकाश मात्र स्वच्छ धुतलेलं. आधी पूर्वेला केशरी रेघ, मग एकाएकी उत्तरेला, जिथे मी ढग समजत होते तिथे, कांचनजंघेचं टोक गुलाबी झालं. 8586 मीटर. तो रंग खाली उतरत गेला आणि आडवी आकृती पुरी झाली : डावीकडे कुंभकर्ण नावाचं शिखर हे डोकं, मधे कांचनजंघेचं पोट, उजवीकडे पाय. सगळे त्याला झोपलेला बुद्ध म्हणतात. लिंबू लोक कुंभकर्णाला फक्ताङलुङ म्हणतात, हे दिदीच्या सासऱ्यांनी सांगितलं होतं. पश्चिमेला लांबवर मकालू, ल्होत्से आणि त्यांच्या मधे, मान जरा मागे घेतल्यासारखा, एव्हरेस्ट. फोटोत तो मोठा येतो, डोळ्यांना नखाएवढा दिसतो.

आई बराच वेळ कांचनजंघेकडे पाहत होती. मग म्हणाली, "परवा तर देव उठला. हा अजून झोपलाच आहे."

भाइला भाषांतर करून सांगितलं. तो इतका हसला की त्याचा रागच गेला. खाली जाईपर्यंत भेटेल त्याला तो ते सांगत होता.

उतरताना माईमझुवाला दिदीकडे पुन्हा थांबलो. तिने अकबरे मिरचीच्या लोणच्याची बाटली दिली. अकबरे म्हणजे लाल, गोल, बोराएवढी मिरची, दिसायला गोजिरी. बाटलीवर दोन प्लास्टिकच्या पिशव्या, वर दोरा. निघताना ती "जाऊँ?" असं आम्हाला विचारत होती आणि आई "जाऊ, जाऊ" म्हणत पुन्हा ओट्यावर बसत होती. असं तीनदा झालं. मुक्कामाला इलाम.

दिवस सहावा : परत

सांगण्यासारखं फारसं नाही. फिक्कलला चहा घेतला : पानं घ्यायची असतील तर सुटी आणि थोडी थोडी दोन-तीन प्रकारची घ्या, रंगीत डब्यातली नको. काँकडभिट्ट्याला गर्दी होती, पूल सामान घेऊन चालतच ओलांडला. माझ्या फोनचं घड्याळ मधेच मागे आलं. आईचं नाही आलं. मी आठवण केली तर म्हणाली, "विमान चुकणार नाही ना मग? राहू दे."

घरी आल्यावर चौथ्या दिवशी संध्याकाळी दिदीचा व्हिडिओ कॉल आला. पाठीमागे चूल, सासरे हात हलवत होते. आम्ही तेव्हा जेवायलाच बसलो होतो आणि आईने पहिल्यांदाच ते लोणचं वाढून घेतलं होतं. अख्खी मिरची, भाकरीत गुंडाळून. मी काही म्हणायच्या आत तोंडात गेली होती.

दिदीने पलीकडून बाटली ओळखली. "आमा! मीठो छ?"

आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक लाल झालं होतं. एका हाताने तिने माझा ताकाचा पेला ओढून घेतला आणि दुसऱ्या हाताने फोन जवळ धरला.

"मीठ बरोबर आहे," ती म्हणाली.